यंत्राची गावातली वही

अडावद, लासूर किंवा चहार्डीहून एखादा शेतकरी बँकेच्या कामासाठी चोपड्याला येतो. रांगेत उभा राहतो, खिडकीपाशी पोहोचतो आणि पलीकडून उत्तर येते, ‘लिंक नाही.’ पूर्वी सरकारी कचेरीत ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या वाक्याला जो मान होता, तो आता या दोन शब्दांना मिळाला आहे. त्यावर वाद घालता येत नाही. माणूस मुकाट्याने एसटी स्टँडकडे वळतो आणि त्याचा एक दिवस बुडतो.

लिंक जाण्याचे कारण बहुतेक वेळा बाहेरचे असते. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, नाहीतर वीज जाते. पण केबल सांधली आणि वीज आली म्हणजे काम झाले, असे मात्र नसते. प्रत्येक यंत्राने पुन्हा स्वतःची ओळख लावून घेऊन जाळ्यात उभे राहायचे असते. ते आपोआप उभे राहावे म्हणून कोणीतरी, कधीतरी काही ओळी लिहून ठेवलेल्या असतात. त्या ओळी आपल्याला दिसत नाहीत. त्यांचा इतिहास साठ वर्षांचा आहे आणि तो सांगण्यासारखा आहे.

चार गोष्टी, दर वेळी नव्याने

संगणकाला जाळ्याची वायर जिथे जोडली जाते, त्या जागेला तंत्रज्ञ ‘नेटवर्क इंटरफेस’ म्हणतात. आपण त्याला यंत्राचा दरवाजा म्हणू. वायर खोचली म्हणून दरवाजा उघडत नाही. यंत्राला चार गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, तुझा स्वतःचा पत्ता कोणता. दुसरी, तुझी आळी कुठपर्यंत, म्हणजे कोणते पत्ते शेजारचे आणि कोणते परगावचे. तिसरी, परगावचे टपाल कोणाच्या हाती द्यायचे. आणि चौथी, एखाद्याचे नुसते नाव ठाऊक असेल, तर त्याचा पत्ता कोणाला विचारायचा.

या चार गोष्टी सांगण्याची जुनी पद्धत म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणे. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचे. दरवाजाला पत्ता मिळाला. दुसरी ओळ लिहायची. बाहेरची वाट कळली. काम मिनिटाभरात होते. मात्र टंकलेली आज्ञा यंत्राच्या चालू स्मरणातच राहते. वीज गेली की सगळे पुसले जाते. यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा त्याला स्वतःचा पत्तासुद्धा आठवत नाही.

तोंडी सांगितलेले विरते आणि लिहून ठेवलेले टिकते, हे खानदेशाला वेगळे सांगायला नको. आसोद्याच्या लेकीला, बहिणाबाई चौधरींना, लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या गात गेल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी कागदावर उतरवून घेतली, म्हणून १९५१ साली बहिणाबाई गेल्यानंतरही ती उरली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघाले. गाणे आणि आज्ञा यांची बरोबरी कोणी करणार नाही. पण ‘उतरवून ठेवा’ हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

रनकॉमचा कर्ता

यंत्रासाठी आज्ञा उतरवून ठेवण्याची युक्ती एका फ्रेंच माणसाची. त्याचे नाव लुई पूझँ. १९६३-६४ च्या सुमारास तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करीत होता. तिथे एकाच मोठ्या संगणकावर अनेकजण एकाच वेळी काम करीत. त्याच त्या आज्ञा रोज टंकण्याचा कंटाळा येई. पूझँने एक छोटी आज्ञावली लिहिली. तिचे काम इतकेच, की एका फाइलीत ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा वाचायच्या आणि एकामागून एक पार पाडायच्या. तिचे नाव ‘रनकॉम’, म्हणजे ‘रन कमांड्स’चे लघुरूप.

पुढे बेल लॅबोरेटरीजमध्ये ‘युनिक्स’ ही प्रणाली तयार झाली. यंत्र सुरू होताना पाळायच्या आज्ञांची तिथली फाइल ‘आरसी’ या दोन अक्षरांनी ओळखली जाऊ लागली. ही अक्षरे रनकॉममधलीच. आजही जगभरच्या लाखो यंत्रांत ती टिकून आहेत, जरी ती वापरणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना त्यांचे मूळ माहीत असते.

योगायोग असा की पूझँ मायदेशी परतल्यावर १९७० च्या दशकात ‘सिक्लाद’ नावाच्या जाळ्याच्या कामाला लागला. माहितीचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि जो तुकडा ज्या वाटेने जाईल त्या वाटेने जाऊ द्यायचा, ही कल्पना त्या जाळ्यात राबवली गेली. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी इंटरनेटचे नियम रचले, तेव्हा या कामाचा त्यांना उपयोग झाला. म्हणजे यंत्राला जाळ्यात आणणारी ‘चिठ्ठी’ आणि त्या जाळ्यातले ‘टपाल’, या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस सापडतो.

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्याने हे नवे नियम स्वीकारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाने युनिक्सची आपली नवी आवृत्ती बाहेर काढली. दरवाजाला पत्ता देणारी ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा तिच्यातून जगाला मिळाली. ‘इंटरफेस कॉन्फिगर’ असा तिचा अर्थ.

बर्कलेच्या या आवृत्तीतली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्र सुरू होताना दोन फाइली वाचल्या जात. ‘आरसी’ या फाइलीत सगळ्या यंत्रांना समान असलेल्या गोष्टी होत्या. दुसरीचे नाव होते ‘आरसी डॉट लोकल’. यंत्राचे नाव आणि दरवाजाचा पत्ता या दुसऱ्या फाइलीत जायचा. कारण उघड आहे. प्रणाली बर्कलेहून येऊ शकते, पत्ता तिथून येऊ शकत नाही. तो ज्या गावी यंत्र आहे त्या गावच्या माणसानेच लिहायचा. यंत्राच्या पोटात अशी एक वही पहिल्यापासून गावासाठी राखून ठेवलेली आहे.

जुहू ते पवई

भारतात हे सारे पहिल्यांदा आले ते मुंबईत. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू केला. शिक्षण आणि संशोधन संस्था एकमेकींना जोडणे हा त्याचा हेतू. पाच आयआयटी, बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूचे ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ असे आठ सहभागी होते. जुहूच्या या केंद्राचे संचालक होते श्रीनिवासन रमणी. जुहूचे हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली, ती आपल्याकडची या कामाची सुरुवात. १९८९ साली भारताच्या वाट्याचे ‘डॉट इन’ हे आडनाव नोंदले गेले आणि त्याची व्यवस्था याच केंद्राकडे आली. रमणी यांचे नाव पुढे २०१४ साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये घेतले गेले.

त्या काळात दोन यंत्रे कायमची जोडलेली नसत. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साठलेले टपाल देई-घेई आणि फोन ठेवी. हा फोन माणूस लावत नसे, लिहून ठेवलेली चिठ्ठी लावी. तिच्यात संवाद लिहिलेला असे: समोरून अमुक अक्षरे आली की तू तमुक अक्षरे पाठव. यात एक गंमत होती. समोरचे यंत्र ‘लॉगिन’ हा शब्द पाठवते. पण चिठ्ठी लिहिणारे त्यातले पहिले अक्षर वगळून उरलेल्या अक्षरांचीच वाट पाहायला सांगत. का? कोणी ते अक्षर मोठ्या लिपीत पाठवी, कोणी छोट्या. शिवाय फोनच्या खरखरीत पहिलेच अक्षर हरवण्याची शक्यता जास्त. खराब लाइनीवर काम करणाऱ्यांचा अनुभव असा त्या एका गाळलेल्या अक्षरात उतरला होता.

तापीच्या काठी

खानदेशाचे संगणकाशी एक जुने नाते आहे. तापीपलीकडे अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी निघाली. तीच पुढची विप्रो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती संगणक बनवू लागली, पण कर्नाटकात. जाळे मात्र खानदेशात सरकारी वाटेने आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘निकनेट’ने देशातली जिल्ह्याची ठाणी उपग्रहामार्फत जोडायला घेतली. तालुक्याच्या गावांना अजून वाट पाहायची होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते मोजक्या महानगरांपुरते. त्यातही विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त खाते नुसत्या अक्षरांचे होते. चित्रे नाहीत, माऊस नाही, समोर काळा पडदा आणि टंकायच्या आज्ञा. एका पिढीने जाळ्याची बाराखडी अशीच गिरवली. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळाले, २००० साली भारत संचार निगम स्थापन झाले आणि इंटरनेट लहान गावांत पोहोचू लागले. टेलिफोनची एकच लाइन, मोडेमची किरकिर आणि मिनिटामिनिटाला वाढणारे बिल, हे चित्र अनेकांना आठवत असेल.

याच सुमारास एका वेगळ्या वाटेने मदत आली. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली ‘लिनक्स’ सुरू केले होते. युनिक्सच्या वळणाची ही प्रणाली फुकट होती आणि तिची आतली रचना कोणालाही वाचता येत होती. तिचा जाळ्याचा भाग वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी लिहिला. रॉस बायरो यांनी सुरुवात केली, फ्रेड व्हॅन केम्पेन यांनी ती पुढे नेली, वेल्समधील स्वॉन्झीच्या ॲलन कॉक्स यांनी ते काम निस्तरले. ओलाफ कर्क या जर्मन तरुणाने हे सारे कसे मांडायचे याचे पुस्तक लिहिले आणि ते कोणालाही मोफत उतरवून घेऊ दिले. आपल्याकडे ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी वाटल्या. सेकंदाला चारदोन हजार अक्षरे आणणाऱ्या फोनलाइनवरून अख्खी प्रणाली उतरवणे अशक्यच होते. टपालाने येणाऱ्या मासिकाने ते अंतर कापले.

लहान गावाला याचा नेमका उपयोग काय झाला? एकच फोनलाइन आणि सात-आठ संगणक असतील, तर एका जुन्या, बाजूला टाकलेल्या यंत्रावर लिनक्स चढवून त्याला वेस करता येई. आत सगळ्यांना घरगुती पत्ते द्यायचे, १९२.१६८ ने सुरू होणारे. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार हे पत्ते कोणीही, न विचारता, आपल्या घरात वापरू शकतो. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. बाहेर जाताना ते वेशीवरचे यंत्र सगळ्यांच्या वतीने आपला एकच पत्ता पुढे करी. महागडी यंत्रसामग्री न घेता हे काम होई. लागत ती फक्त एका फाइलीतल्या दहा-पंधरा ओळी, आणि त्या लिहिणारा माणूस.

त्या ओळींचा क्रम चुकवून चालत नाही. आधी कार्डाची ओळख, मग पत्ता, मग बाहेरची वाट, मग पहारा आणि शेवटी फोन. पेरणी आधी आणि नांगरणी मागून केली तर शेताचे जे होईल, तेच इथेही. म्हणून सुरुवातीच्या फाइलींच्या नावांत आकडेच घालून ठेवलेले असत. दहा क्रमांकाची आधी, नव्याण्णवची शेवटी.

२००५ नंतरची काही वर्षे आपल्या ग्रामीण भागाने भारनियमनाची काढली. बारा-बारा तास वीज नसे. केळीला पाणी द्यायला माणूस रात्री उठे, तसा संगणकही रात्री-अपरात्री उठे. बॅटरी संपली की यंत्र धाडकन बंद पडे. वीज आली की सुरू होई. दिवसातून दोन-तीन वेळा जन्म घेणाऱ्या यंत्राला दर वेळी कोण चार गोष्टी सांगत बसणार? मोठ्या शहरातल्या वातानुकूलित खोलीत यंत्र वर्षभर अखंड चालते. तिथे ही वही कोऱ्या पानांची असली तरी वर्षभर कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे तिची परीक्षा रोज होती.

बसल्या फांदीवर कुऱ्हाड

गावात जाणकार माणूस नसेल तर काय करायचे? दूरच्या शहरातला तंत्रज्ञ जाळ्यावरूनच गावातल्या यंत्रात शिरतो आणि दुरुस्ती करतो. इथे एक जुना धोका आहे. तो ज्या दरवाजाने आत आला, तोच दरवाजा बंद करण्याची आज्ञा चुकून दिली, तर दरवाजा इमानाने बंद होतो आणि तंत्रज्ञ बाहेर राहतो. आता तो उघडण्यासाठी आज्ञा पाठवायलाही वाट नसते. कोणालातरी गाडीत बसून यंत्रापर्यंत जावे लागते.

हे लहानांच्याच बाबतीत घडते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीची स्वतःचीच केंद्रे एकमेकांपासून तुटली. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. अखेर माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत पाठवावे लागले.

अनुभवी मंडळी यावर एक साधा उपाय करतात. धोक्याचा बदल करण्याआधी यंत्राला सांगून ठेवायचे, ‘पाच मिनिटांत माझा निरोप आला नाही, तर जुनी मांडणी परत लाव.’ बदल नीट झाला तर हा निरोप रद्द करायचा. विहिरीत उतरण्याआधी कमरेला दोर बांधण्यासारखेच हे आहे.

नावे बदलली, काम तेच

‘इफकॉन्फिग’ने बरीच वर्षे राज्य केले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रशियाच्या अलेक्सेई कुझ्नेत्सोव यांनी लिनक्ससाठी ‘आयपी’ ही नवी आज्ञा लिहिली. एका दरवाजाला अनेक पत्ते, एका गावाला अनेक वाटा, असे नवे व्यवहार जुन्या आज्ञेला नीट झेपत नव्हते. तरीही लोकांच्या बोटांतली सवय जायला खूप काळ लागला. २०१७ साली डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध शाखेने नव्या मांडणीत जुनी आज्ञा आपोआप घालणे थांबवले. मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, तरी आजोबा कोसच सांगत राहिले, तसेच हे.

दरवाजांची नावेही बदलली. लिनक्समध्ये पहिल्या दरवाजाचे नाव ‘ईटीएच शून्य’, दुसऱ्याचे ‘ईटीएच एक’. पण पहिला कोणता, हे यंत्र सुरू होताना जो आधी सापडेल त्यावर ठरे. दोन कार्डे असली की कधीतरी क्रम उलटे. मग आतला दरवाजा बाहेरचा होई आणि बाहेरचा आतला. वेशीवरच्या पहारेकऱ्याने घराकडे तोंड करून रस्त्याला पाठ द्यावी, असा प्रकार. २०१३ पासून ‘सिस्टमडी’ या व्यवस्थेने कार्ड कोणत्या खाचेत बसले आहे त्यावरून नाव द्यायला सुरुवात केली. ‘ओढ्याजवळचे वावर’ म्हणण्याऐवजी गट क्रमांक सांगावा, तसे हे झाले. नाव लांबलचक आणि ओबडधोबड, पण बदलत नाही. मात्र जुन्या नावावर विसंबून लिहिलेल्या चिठ्ठ्या त्या दिवशी निकामी झाल्या आणि त्या कोणी लिहिल्या होत्या याचा शोध अनेक ठिकाणी घ्यावा लागला.

वही कोणाकडे आहे?

आज घरी वायफायचा डबा येतो आणि मोबाइलला पत्ता आपोआप मिळतो. ‘डीएचसीपी’ नावाची ही सोय १९९३ पासूनची. यंत्र जाळ्यात येताच ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारते आणि कोणीतरी उत्तर देते. पण तो उत्तर देणारा स्वतःचा पत्ता कोणाला विचारणार? कुठल्यातरी डब्यात अजूनही तो लिहून ठेवावाच लागतो. वही नाहीशी झालेली नाही; ती आपल्या नजरेआड गेली, इतकेच.

आता तर बँकच नव्हे, सगळेच कारभार या दरवाजातून होतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर ठेवावा लागतो. शाळेची माहिती, पिकाचा विमा, दवाखान्याची नोंद, सगळे त्याच वाटेने जाते. अशा वेळी तालुक्याच्या गावातली मांडणी एका माणसाच्या डोक्यात असते, तो पुण्याला नोकरीला जातो, आणि मागे उरतो तो एक दिवे लुकलुकणारा डबा. त्याचा परवलीचा शब्दही कोणाला ठाऊक नसतो.

यावर फार मोठा उपाय लागत नाही. प्रत्येक कार्यालयात, शाळेत, पतपेढीत एक खरीखुरी कागदी वही असावी. कोणत्या यंत्राचा पत्ता काय, बाहेरची वाट कोणती, डबा बंद पडला तर आधी काय सुरू करायचे आणि मागाहून काय, शेवटचा बदल कोणी आणि कोणत्या तारखेला केला, हे सारे तिच्यात मराठीत लिहावे. परवलीचे शब्द तिच्यात न लिहिता पाकिटात बंद करून कपाटात ठेवावेत. मांडणीच्या फाइलीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. आणि वर्षातून एकदा तरी, सुटीच्या दिवशी, सगळे बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे. वही खरी आहे की नाही, हे त्याच दिवशी कळते.

बर्कलेच्या लोकांनी १९८३ साली गावासाठी एक फाइल वेगळी ठेवली, कारण गावची गोष्ट गावातल्या माणसालाच ठाऊक असते हे त्यांना कळत होते. बाकी सगळे बाहेरून आणता येते. तेवढे एक पान आपणच लिहायचे असते.